अभिरुचीचे तळघर

तुलनात्मक साहित्याच्या अध्यापकाने आपल्या आवडीविषयी लिहावयाचे ठरविले, म्हणजे वाचकांची अपेक्षा काय असते हे मला ठाऊक आहे. त्याने दूरच्या एखाद्या भाषेतील कवीचे नाव घ्यावे, तो कवी आपल्याला योगायोगाने कसा भेटला हे सांगावे आणि हळूच एखाद्या मराठी संतकवीशी त्याचे नाते जोडावे. माझी अडचण अशी आहे की, गेली पस्तीस वर्षे ज्या कलाकृतींकडे मी पुनःपुन्हा वळलो, त्यांची नावे 'पुराना मंदिर', 'तहखाना', 'वीराना' आणि 'बंद दरवाज़ा' अशी आहेत. रामसे बंधूंच्या भयपटांचा मी भक्त आहे. 'अभ्यासक' हा शब्द योजून सुटका करून घेता आली असती, कारण आता या चित्रपटांवर प्रबंध लिहिले जातात आणि चर्चासत्रेही होतात. परंतु अभ्यासक एखादा चित्रपट तीनदा पाहतो आणि थांबतो. मी 'पुराना मंदिर' किती वेळा पाहिला याची मोजदाद ठेवलेली नाही. प्रबंधलेखनाच्या दिवसांत दिवसभर अभिनवगुप्ताची पाने उलटावयाची आणि रात्री खोलीचे दार लावून सामरीची वाट पाहावयाची, असा माझा क्रम होता. दार लावीत असे ते भीतीपोटी नव्हे, शेजारच्या खोलीतील विद्वानांच्या लाजेने.

रामसे मंडळींची कथा मला त्यांच्या कोणत्याही पटकथेपेक्षा रोचक वाटत आली आहे. वडील फ. उ. रामसे हे मूळचे कराचीचे. तेथे त्यांचे रेडिओचे दुकान होते. फाळणीनंतर ते मुंबईत आले. त्यांनी काढलेला 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' हा १९७० सालचा चित्रपट पडला. परंतु त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करावयास येतात, त्या प्रसंगाला प्रेक्षक दचकतात, हे त्यांच्या मुलांनी चित्रपटगृहात बसून पाहिले आणि त्या एका दचकण्यावर घराचा धंदा उभा केला. सात भाऊ. कुणी लेखन पाहिले, तुलसी आणि श्याम यांनी दिग्दर्शन, गंगू यांनी छायाचित्रण, किरण यांनी ध्वनी. कोणत्याही चित्रपटसंस्थेचे शिक्षण नाही. जोसेफ मॅसेली या लेखकाचे छायाचित्रणावरील इंग्रजी पुस्तक घेऊन ही मंडळी काश्मीरमध्ये एका हाउसबोटीत जाऊन राहिली आणि तेथे धडे गिरवून परतली. मग १९७२ साली 'दो गज़ ज़मीन के नीचे'. कुटुंबासह सगळा ताफा बसमध्ये घालून महाबळेश्वरला नेला आणि तेथल्या विश्रामगृहातच चित्रीकरण उरकले. हे वाचताना मला आपल्याकडच्या तमाशाच्या फडांची आठवण होते. फरक एवढाच की, फडाच्या गाडीत ढोलकी असते, यांच्या गाडीत धूर काढावयाचे यंत्र होते.

यातील कलागुणांविषयी मी खोटे बोलणार नाही. धुके फार असते. दिवस असो वा रात्र, हवेलीत निळा आणि लाल प्रकाश कुठून तरी येतच असतो. 'पुराना मंदिर' (१९८४) भयाच्या ऐन भरात येतो, तोच मध्ये जगदीप मच्छरसिंग डाकू होऊन अवतरतो आणि 'शोले'चे विडंबन सुरू होते. त्याचा मूळ कथेशी काहीही संबंध नाही. मी अनेकदा मनातल्या मनात हा भाग कापून टाकला आहे. उलटपक्षी, अनिरुद्ध अग्रवाल यांचा सामरी नुसता उभा राहिला तरी पडदा अपुरा वाटतो. रुरकीला स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या या उंच गृहस्थांच्या चेहऱ्यावर मुखवट्याची फारशी गरजच पडली नाही. आणि सदाशिव अमरापूरकरांसारखा मराठी रंगभूमीवर तयार झालेला नट त्यात दुर्जन होऊन वावरतो, तेव्हा त्या कागदी हवेलीला एकदम वजन येते.

कथा थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण पुढील सारे तिच्यावर अवलंबून आहे. दोनशे वर्षांपूर्वी राजा हरिमानसिंग सामरी नावाच्या नरराक्षसाचा शिरच्छेद करवितो. धड जुन्या देवळामागे पुरले जाते, शिर पेटीत बंद होते. मरताना सामरी शाप देतो की, या घराण्यातील प्रत्येक स्त्री बाळंतपणातच मरेल. म्हणून आजचा ठाकूर आपल्या मुलीला कुणावर प्रेम करू देत नाही. कारण मात्र सांगत नाही. मुलगी हट्टाला पेटते तेव्हा कोठे तो सारे सांगून टाकतो.

हा चित्रपट मी प्रथम पाहिला तो १९८८ सालच्या गणपतीत, आजोळी. आजोळ मुरूड तालुक्यातले. मुरूडला शिरण्यापूर्वी समुद्राकडे तोंड केलेला जंजिऱ्याच्या नबाबाचा राजवाडा लागतो. आपल्या काही चित्रपटांचे चित्रीकरण रामसेंनी तेथेच केलेले असल्यामुळे आमच्या वाडीला ही मंडळी घरचीच वाटत. जागरणासाठी मामाने भाड्याने टीव्ही आणि व्हीसीआर आणला होता. तीन कॅसेटी होत्या. पहिली पौराणिक, दुसरी विनोदी आणि मध्यरात्र उलटल्यावर तिसरी ही. पडवीत पुरुष आणि आम्ही मुले, माजघराच्या उंबऱ्यापलीकडे बायका. मी आठ वर्षांचा होतो. मामाच्या मांडीखाली अर्धा शिरून मी बोटांच्या फटीतून पाहत होतो.

या घरात माजघरामागे एक बाळंतिणीची खोली होती. कोकणातल्या जुन्या घरांत ती असतेच. लहान, काळोखी, वाऱ्याला पारखी. आमच्या घरची खोली कायम कुलूपबंद असे. आत विंचू आहेत, असे आम्हां मुलांना सांगण्यात येई. त्या खोलीत माझी मोठी मावशी १९७२ साली पहिल्या बाळंतपणात गेली, हे मला फार पुढे कळले. घरात तिचे नाव घेतले जात नसे. वाडीत मात्र कुजबुज होती. बाळंतपणात मेलेल्या बाईची हडळ होते, कुणी तिला अळवंत म्हणतात, आणि त्या घराला कुणा भाऊबंदाचा तळतळाट आहे, इत्यादी. म्हणजे शापाची कथा आम्हांलाही होती. फक्त ती पडवीत कुणी सांगत नसे.

त्या रात्री आजी शेवटपर्यंत बसून राहिली. दुसऱ्या बायका मध्येच उठून गेल्या. पडद्यावर पहिली बाळंतीण मेली तेव्हा मामाने घाईने मागे वळून पाहिले, हे मला स्पष्ट आठवते. त्याचा अर्थ तेव्हा कळला नव्हता. सकाळी आजी विहिरीवर कळशी भरीत होती. मी तिला भीत भीत विचारले, "आजी, तुला भीती नाही वाटली?" ती म्हणाली, "कसली भीती, बाबा? त्या ठाकरानं लेकीला सांगितलं तरी." आणि थोड्या वेळाने, मला नव्हे, विहिरीला सांगावे तसे, "आम्ही सांगितलंच नाही."

काय सांगितले नव्हते, ते मला विसाव्या वर्षी मामाकडून समजले. सातव्या महिन्यात एका डॉक्टरने मूल आडवे असल्याचे सांगून बाळंतपण अलिबागलाच करावे असे निक्षून बजावले होते. त्या वेळी साळाव आणि रेवदंडा यांमधल्या खाडीवर पूल नव्हता. होडीने पलीकडे जावे लागे आणि रात्री-अपरात्री होडी मिळेलच असे नसे. वडीलधाऱ्यांनी ठरविले की दिवस भरत आले म्हणजे पाहू. मावशीला यातले काही कळू दिले नाही. पोर घाबरेल म्हणून. कळा आठ दिवस आधी सुरू झाल्या, त्याही रात्री. तिला माहीत असते, तर ती आधीच अलिबागला जाऊन राहिली असती की नाही, हे आता कोण सांगणार?

अनेक वर्षांनी नाट्यशास्त्रातील भयानक रसाचे विभाव वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते. भरताची यादी परिचित आहे. विकृत आवाज, भूतांचे दर्शन, कोल्ह्या-घुबडांचे ओरडणे, ओसाड घर, अरण्य. ही रामसेंची सामग्रीची यादीच म्हणावयास हरकत नाही. परंतु तिच्यातच, त्याच ओघात, स्वजनाच्या वधाचे वा बंधनाचे दर्शन, श्रवण आणि त्याची कथाही येते. ओसाड घर आणि स्वकीयाच्या मरणाची वार्ता यांच्यात भरताला अंतर दिसले नाही. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की, भय हा भाव त्याने स्त्रिया आणि नीच प्रकृतीची माणसे यांच्या पदरी घातला आहे. शोक थोरांनाही शोभतो, भय मात्र शोभत नाही. आपल्या अभिरुचीच्या इमारतीत तळघर कोणते, हे तेव्हाच ठरून गेले असावे. नारायण धारपांच्या पुस्तकांची पाने ग्रंथालयांत हाताळून मऊ होत, आणि तरी मराठी समीक्षेने त्यांना दीर्घकाळ ओसरीवरच उभे ठेवले, याचे मूळ तेथपर्यंत पोहोचते असा माझा तर्क आहे. 'तुंबाड' (२०१८) आला आणि त्यामागे धारपांची कथा आहे हे कळले, तेव्हा अनेकांनी आपण धारप वाचल्याचे प्रथमच कबूल केले!

अभिनवगुप्ताने रसप्रक्रिया समजावताना भयानकाचेच उदाहरण घेतले, ही गोष्ट मला नेहमी सुखावते. शाकुंतलाच्या पहिल्या अंकातला, दुष्यंताच्या बाणापुढे मान वळवून पळणारा तो हरिण. त्याचे भय आपल्यापर्यंत येते तेव्हा ते हरिणाचे उरत नाही, आपलेही नसते. देशकालातून सुटलेले नुसते भय असते. न. चिं. केळकरांची सविकल्प समाधी येथे अधिक उपयोगी पडते. दुसऱ्याच्या भूमिकेत शिरावयाचे, पण स्वतःला विसरावयाचे नाही. बोटांच्या फटीतून पाहणारे मूल दुसरे काय करीत असते? तथापि दोन्ही आचार्यांपुढे माझी आजी बसविली की मी अडखळतो. तिने पाहिलेले भय देशकालातून सुटलेले नव्हते. त्याला साळावची खाडी होती. असे असूनही तिला त्यातून काही मिळाले, हे मी पाहिले आहे. त्याला रस म्हणावयाचे की नाही, हे पंडितांनी ठरवावे.

आता ज्याला 'कल्ट' म्हणतात त्याविषयी. मराठीत याला 'संप्रदाय' हा शब्द अगदी चपखल बसतो. १९७५ सालच्या 'रॉकी हॉरर पिक्चर शो'चे मध्यरात्रीचे खेळ पाहा. ठरलेला वेष, ठरलेल्या जागी पडद्याला द्यावयाचे ठरलेले उत्तर, सर्वांनी मिळून. एड वुडच्या 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'ला १९८० साली एका पुस्तकाने आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट ठरविले आणि तेव्हापासून त्याला भक्त मिळाले. या मंडळींत मीही वावरलो आहे आणि त्यांचा स्नेह मला प्रिय आहे. पण त्या हसण्यात एक चलाखी असते. आपण या चित्रपटापेक्षा शहाणे आहोत, हे हसणारा शेजाऱ्याला कळवीत असतो. रामसेंच्या पहिल्या प्रेक्षकाने असे हसून स्वतःला वाचविले नव्हते. तो जगदीपला हसला आणि सामरीला भ्याला. दोन्ही त्याने पूर्ण केले.

हे मी आज लिहितो आहे त्याला कारण घडले. मी सध्या ज्या विद्यापीठात अभ्यागत म्हणून आहे, ते महाराष्ट्रापासून दूर आहे. तेथे या सत्रात विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून मी 'पुराना मंदिर' दाखविला. तुलसी रामसे २०१८ साली आणि श्याम रामसे २०१९ साली गेले. त्यांच्याविषयी चार शब्द बोलावे, हाही हेतू होता. खेळ फार रंगला. निळा प्रकाश आला की टाळ्या, दार करकरले की शिट्ट्या. मी अधूनमधून टिप्पणी करीत होतो आणि, खोटे कशाला बोलू, माझ्या टिप्पण्यांनाच सर्वांत मोठा हशा मिळत होता. बाळंतिणीच्या मरणाच्या वेळीही मी काहीतरी बोललो. काय बोललो ते येथे लिहवत नाही. खेळ संपल्यावर मागच्या रांगेतील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ठाकूर इतकी वर्षे मुलीशी बोलला का नाही?" मी उत्तरलो, "बोलला असता तर अडीच तासांचा चित्रपट कसा झाला असता?" पुन्हा हशा. ती मुलगी हसली नाही. खाली बसली.

खोलीवर परतल्यावर मी आईला दूरध्वनी केला. आजी जाऊन पुष्कळ वर्षे झाली, मामाही नाही. मावशी गेली तेव्हा आई चौदा वर्षांची होती. या विषयावर आम्ही दोघे कधीही बोललो नव्हतो. मी सरळच विचारले. आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला त्या रात्री शेजारी झोपायला पाठवलं होतं. सकाळी सांगितलं, ताईला अलिबागला नेलंय. तीन दिवस मला तसंच वाटत होतं. मी तिच्यासाठी दुपटी शिवत बसले होते." तुला का सांगितले नाही, असे मी विचारले. "घाबरेन म्हणून," ती म्हणाली. मावशीचे नाव मी तेव्हा प्रथम तिच्या तोंडून ऐकले. ते मी येथे देत नाही.

मग तिने विचारले, मी एवढ्या रात्री हे का काढले. मी चित्रपटाचे सांगितले. १९८८ च्या त्या रात्री ती धाकट्याला घेऊन आत झोपली होती, तिने तो पाहिला नव्हता. "काय आहे रे त्यात?" ती म्हणाली. "सगळं सांग. मध्येच सोडू नकोस."

मी पहिल्यापासून सांगावयास सुरुवात केली. हरिमानसिंग, शिरच्छेद, शाप, बाळंतिणी, ठाकुराचे बोलणे. पाऊण तास लागला. मच्छरसिंगाचा भागही मी गाळला नाही. त्याला ती हसली.