बुलेट का विकली नाही

गेल्या हिवाळ्यात एक तरुण गिऱ्हाईक आमच्या अंगणात आले. अब्बांच्या जुन्या बुलेटभोवती दोन फेऱ्या मारल्या, टाकीवर हात फिरवला आणि सरळ सत्तर हजारांची बोली केली. अब्बा म्हणाले, "उद्या सांगतो." त्या रात्री इशाच्या नमाजनंतर आम्ही सगळे बसलो. आम्ही म्हणजे दोघे भाऊ आणि आपा, समोर अब्बा आणि अम्मी. गाडी 1988 ची. अब्बांचे गुडघे दुखू लागलेले. तांब्याच्या तारेचे पन्नास हजारांचे उधार डोक्यावर. कागदावर हिशेब मांडला तर विकणेच शहाणपणाचे होते. तरीही आमच्यापैकी कुणाच्या तोंडून "विकूया" निघेना.

एका लोखंडी वस्तूवर माणसाचा एवढा जीव का जडतो, हा प्रश्न त्या रात्री आम्हाला पहिल्यांदा पडला. आपल्याही घरात अशी एखादी वस्तू असेल, म्हणून हे लिहीत आहोत.

अब्बांचे चिपळूणला मोटर रिवायंडिंगचे दुकान. विहिरीवरचे पंप, पिठाच्या गिरणीच्या मोटरी, पंखे, सगळे दुरुस्त करायचे. ही गाडी त्यांनी 1994 साली कराडच्या एका ऊस बागायतदाराकडून सेकंडहँड घेतली आणि कुंभार्ली घाट उतरून स्वतः चालवत आणली. त्या वेळी नातेवाईक म्हणाले, "एवढी जड गाडी कशाला? शंभर सीसीची घ्या, पेट्रोल वाचेल." अब्बा म्हणाले, "शंभर सीसीवर मी चढेन, पंप चढणार नाही."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. पुढे दुकानात बसायला लागल्यावर त्यामागचे कारणही आम्हाला समजले. बुलेटचे इंजिन 346 सीसीचे. सिलिंडर एकच, त्याचा व्यास 70 मिलिमीटर आणि पिस्टनची चाल 90 मिलिमीटर. चाल लांब असल्यामुळे इंजिन कमी फेऱ्यांवरही जोर लावते. आजच्या दीडशे सीसीच्या आसपासच्या काही गाड्या अठराच्या आसपास अश्वशक्ती देतात आणि बुलेटचीही ताकद साधारण तेवढीच. पण त्या गाड्यांना ती ताकद काढायला इंजिन जोरात पळवावे लागते. बुलेट मागे तीन एचपीचा पंप बांधलेला असतानाही परशुराम घाट सावकाश चढते, सारखे गिअर बदलावे लागत नाहीत. फार मोठी नाही, फार लहान नाही. ज्याला रोज ओझे घेऊन जायचे आणि रात्री घरी परतायचे, त्याच्या मापाची.

या गाडीचा इतिहासही थोडा सांगायला हवा. रॉयल एनफील्ड ही मूळची इंग्लंडमधल्या रेडिच गावची कंपनी. 'बुलेट' हे नाव तिने 1932 पासून वापरले. स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्याला सीमेवरच्या कच्च्या रस्त्यांवर टिकेल अशी गाडी हवी होती, तेव्हा 350 सीसीची बुलेट निवडली गेली. 1955 मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया सुरू झाली आणि गाडी इथेच बनू लागली. पुढे इंग्लंडमधला मूळ कारखाना बंद पडला, मद्रासचा चालू राहिला. इंजिनाची घडण कितीतरी वर्षे जवळपास तीच राहिली. त्यामुळे कोणत्याही तालुक्याच्या गावी तिचा पार्ट मिळायचा आणि तिला खोलून जोडणारा एखादा फिटरचाचाही भेटायचा.

आमच्या घरी ही गाडी कधी मिरवायला काढली गेली नाही. गुहागर, सावर्डे, खेड इथल्या विहिरींवरचे पंप तिने आणले आणि पोचवले. दादीला दर महिन्याला डोळे तपासायला नेले. धाकट्याच्या वेळी अम्मीला रात्री दोन वाजता दवाखान्यात नेले तेही तिनेच. रिक्षा मिळाली नव्हती. अम्मी अजून सांगते, "हा रडायच्या आधी गाडीच इतकी ओरडत होती की डॉक्टरीणबाई आवाजाने जाग्या झाल्या." बकरी ईदला कुर्बानीचे वाटे गावोगावच्या नातेवाइकांकडे आणि गरजूंकडे नेण्याचे काम तर तिचे ठरलेलेच. मधल्या कॅरिअरवर डबे बांधताना आम्हा मुलांची चढाओढ लागायची, कारण जो बांधेल तोच मागे बसायचा.

तिचे अवगुण आम्ही झाकत नाही. एकच मोठा सिलिंडर असल्यामुळे ती थरथरते. अम्मीची कंबर भरून यायची. ब्रेक जुन्या पद्धतीचे ड्रमचे, म्हणून पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवावे लागते. पेट्रोलही लहान गाडीपेक्षा जास्त पिते. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. दुसरी गाडी चालवून तिच्यावर बसले की पहिली पाच मिनिटे जपून राहावे लागते. आणि आवाज. फजरला मस्जिदीहून परतल्यावर एखाद्या लांबच्या गावी निघायचे असले की अब्बा गाडी सुरू न करता गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत न्यायचे. दीडशे किलोच्या वरचे धूड. आम्ही लहानपणी विचारायचो, "अब्बा, इथेच का नाही सुरू करत?" ते म्हणायचे, "शेजारी झोपलेत. त्यांना कुठे पंप बसवायचाय?"

तिला सुरू करायला शिकणे हा आमच्या घरातला एक टप्पाच होता. वयाची अठरा झाली, लायसन्स मिळाले की अब्बा अंगणात उभे करायचे. चावी फिरवायची. हेडलाइटच्या वर अँपिअरचा छोटा मीटर असतो, त्याच्या काट्यावर नजर ठेवायची. किक सावकाश दाबत न्यायची. काटा एका बाजूला जातो, पुन्हा मध्ये येतो आणि किक घट्ट लागते. तिथे थांबायचे. डाव्या हाताशी एक लहान लिव्हर असतो. तो ओढला की सिलिंडरमधला दाब सुटतो. तो ओढून किक अगदी जराशी पुढे न्यायची, लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग सगळ्या अंगाचा भार टाकून एकदाच दाबायची. हे नीट केले तर गाडी पहिल्याच किकला उठते. घाई केली तर किक उलटी येऊन पायावर बसते. आमच्या दोघांच्याही नडगीवर तिची खूण आहे. आपाच्या नाही. ती पहिल्यांदाच अब्बांचे पूर्ण ऐकून घेऊन उभी राहिली होती. "जोर नंतर, आधी काटा बघ," एवढेच त्यांचे शिकवणे.

आता 2021 सालची गोष्ट. त्या वर्षी बकरी ईद 21 जुलैला होती. पाऊस कोसळत होता, तरी अब्बा आणि धाकटा दुपारी वाटे देऊन आले. रात्रभर पाऊस थांबला नाही. पहाटे वाशिष्ठीचे पाणी गल्लीत शिरले. आधी गुडघ्याएवढे, मग कमरेएवढे. आम्ही अम्मीला आणि अब्बांना शेजारच्या काकूंच्या दुसऱ्या मजल्यावर नेले. निघता निघता अब्बांनी विहिरीचा दोर काढून गाडी ओटीच्या खांबाला बांधली. थोड्या वेळाने वरून पाहिले तर गाडी दिसत नव्हती आणि खालच्या खिडक्याही दिसत नव्हत्या. 22 जुलैचा तो दिवस चिपळूणकर विसरणार नाहीत.

पाणी उतरल्यावर चिखल राहिला. आपाची स्कूटर बुडाली होती. तिच्यातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा गेली आणि विम्यात ती भंगार ठरली. दुकानात तर पाय ठेववेना. दुरुस्तीसाठी आलेल्या लोकांच्या चाळीसेक मोटरी चिखलात रुतल्या होत्या. अब्बा त्या दारातून आत गेलेच नाहीत. घरी येऊन भिंतीला टेकून बसले. "लोकांची अमानत होती," एवढेच म्हणाले. पुढचे चार दिवस ते जेवायला उठायचे, नमाजला उठायचे आणि परत तिथेच बसायचे. त्यांना असे आम्ही कधी पाहिले नव्हते.

पाचव्या दिवशी धाकट्याने खांबाचा दोर सोडला, गाडीवर दोन बादल्या पाणी मारले आणि किकवर पाय ठेवला. आतून अब्बांचा आवाज आला, "पाय काढ! आत पाणी असेल, इंजिन फोडशील!" आणि ते उठून बाहेर आले. लुंगी खोचली, पाना मागितला.

तीन दिवस आम्ही त्यांच्या हाताखाली काम केले. आधी प्लग काढून सिलिंडरमधले पाणी काढले. इंजिनातले ऑइल सोडले तर ते दुधाच्या चहासारखे निघाले. गिअरबॉक्सचे आणि क्लचच्या बाजूचे ऑइल वेगळे सोडले. पेट्रोलची टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून धुतले. पॉइंट पेट्रोलने पुसून उन्हात ठेवले. ऊनही त्या दिवसांत दोन-दोन तासच यायचे. दोन्ही चाकांचे ड्रम उघडून चिखल काढला, बेअरिंगला नवे ग्रीस भरले. नवे ऑइल घालून, प्लग न लावता किक हळूहळू फिरवली, ते ऑइलही सोडले. आपाने फक्त सुटे नट, वॉशर कुठल्या वाटीत काय आहे ते सांभाळले आणि खरे सांगायचे तर तिच्यामुळेच गाडी परत जोडता आली.

बॅटरी दुसऱ्याची मागून आणली. अब्बांनी काटा पाहिला, लिव्हर ओढला, सोडला. पहिल्या किकला नाही, दुसऱ्याला नाही. सातव्या किकला गाडी एकदा खोकली आणि उठली. सायलेन्सरमधून आधी गढूळ पाणी आले, मग पांढरा धूर. गल्लीतले लोक चिखल उपसण्याचे सोडून बाहेर आले. त्या आठवड्यात गल्लीत सुरू झालेली ती पहिली गाडी होती. अब्बा काही बोलले नाहीत. गाडी बंद करून, तिसऱ्यांदा ऑइल बदलून, दुपारी ते दुकानाकडे चालत गेले आणि कुलूप उघडले.

पुढचे चार महिने त्यांनी त्या मोटरी एकेक करून धुतल्या, भट्टीत वाळवल्या, जळालेल्यांना नवी तार भरली. पुराचे जादा पैसे कुणाकडून घेतले नाहीत. तारेचे उधार झाले ते त्यामुळेच. मोटर तयार झाली की आम्हा दोघांपैकी कुणीतरी ती बुलेटवर बांधून ज्याची त्याला पोचवायचे. चाळीस घरांची अमानत तिच्या कॅरिअरवरून परत गेली.

नव्या गाड्यांना आम्ही नावे ठेवत नाही. त्यांचा धूर कमी, ब्रेक चांगले, पेट्रोल कमी लागते. पण बुलेट बंद पडली तर ती का बंद पडली हे आपल्या हाताने शोधता येते. पेट्रोल येते का, ठिणगी पडते का, हवा जाते का. तीन प्रश्न आणि उत्तर सापडते. ज्या वस्तूचे दुखणे आपल्याला कळते, तिच्यावर माया बसते. आमच्या मायेचे मूळ तेच असावे, असे त्या रात्री बोलता बोलता लक्षात आले.

पण मायेने उधार फिटत नाही. म्हणून थोरल्याने पुन्हा हिशेब वाचला. तेव्हा इतका वेळ गप्प असलेली अम्मी, जिने सत्तावीस वर्षे या गाडीच्या नावाने कंबर धरली, ती म्हणाली, "सत्तर हजार आले, पन्नास उधारीला गेले. वीस हजारांत पंप नेणारी गाडी कुठली आणाल?"

कुणाकडेच उत्तर नव्हते. धाकट्याने स्वतःची हप्त्यांवर घेतलेली चकचकीत गाडी विकायची तयारी दाखवली. "मला तरी रोज कुठे लागते," तो म्हणाला. ती विकली, बँकेचे फेडून जे उरले ते आणि थोरल्याची बचत मिळून तारेचे उधार फिटले.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आले. अब्बांनी त्यांना बसवून चहा दिला आणि विचारले, "घेऊन काय करणार होतात?" ते म्हणाले, "रंग काढणार, सायलेन्सर बदलणार. आवाज असा पाहिजे की चौक हलला पाहिजे." अब्बा हसले. "मग बेटा, ही तुमच्या कामाची नाही. हिला गल्लीबाहेर ढकलत न्यायची सवय आहे."

गाडी राहिली, पण अब्बांनी अटी घातल्या. हेल्मेटशिवाय कुणी हात लावायचा नाही, मागे बसणाऱ्यानेही घालायचे. सायलेन्सर जसा आहे तसाच राहील. दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर वेळेवर भरायचा. आणि शेवटची अट, "जोवर ओझे उचलते तोवर ठेवा. कामाची राहिली नाही की खुशाल विका. तिची पूजा मांडू नका."

अब्बा आता किक मारत नाहीत, मागे बसतात. परवा शुक्रवारी आपाने गाडी काढली, सावर्ड्याला एक पंप पोचवायचा होता. अब्बांनी सवयीने सफरची दुआ पुटपुटली आणि तिच्या खांद्यावरून अँपिअरच्या काट्याकडे वाकून पाहिले. आपा म्हणाली, "बघितलाय, अब्बा." पहिल्याच किकला गाडी उठली. गल्लीच्या टोकाशी, अर्थातच.