कवीच्या खिशातले पैसे



कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत आम्ही तिघे मित्र कवितासंग्रह छापतो. प्रकाशन संस्थेचे ऑफिस म्हणजे आमच्या घरातला पलंग, गोदाम म्हणजे पलंगाखालची जागा.

पुष्कळ लहान प्रकाशक छपाईचा खर्च कवीकडूनच घेतात. पहिल्या पुस्तकाला आम्हीही तेच केले. कवी सफाई कामगार. ऐंशी पाने, म्हणजे सोळा पानी पाच फर्मे. ऑफसेटला प्लेटचा खर्च शंभर प्रतींना जेवढा, तेवढाच पाचशेंना. त्या मोहात आम्ही पाचशे छापल्या. पैसे त्यांनी आठवड्यात आणून दिले. वहिनींच्या कानांतले गहाण पडले होते, हे आम्हाला प्रकाशन समारंभ झाल्यावर कळले. समारंभात आम्ही चळवळीवर बरेच बोललो होतो.

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. १९२७ साली सुरू झालेले ‘बहिष्कृत भारत’ पैशाअभावी १९२९ मध्ये बंद पडले. त्याचे स्तंभच्या स्तंभ बाबासाहेब एकट्याने लिहीत. मदत मागितली ती समाजाकडे. आम्ही मात्र कवीच्या बायकोच्या कानाला हात घातला.

त्या ६ डिसेंबरला पहाटेच्या लोकलने, लगेजच्या डब्यातून, गठ्ठे दादरला नेले. शिवाजी पार्कवर बाबासाहेबांचे ग्रंथ हातोहात जातात, कॅलेंडरे जातात; कवितेच्या पुस्तकाकडे हात शेवटी वळतो. रात्रपाळी करून कवी थेट स्टॉलवर आले. मराठवाड्यातल्या एका बाईंनी पुस्तक उचलून विचारले, “हे कुणी लिवलं?”

“आमच्या वस्तीतल्या एकानं,” ते म्हणाले आणि सुटे पैसे मोजू लागले. दिवसभरात अकरा प्रती गेल्या.

आता आम्ही कवीकडून पैसे घेत नाही. रविवारी विहारात वंदनेनंतर शंभर रुपये आगाऊ घेऊन नावे लिहितो. पन्नास नावे झाली की डिजिटल प्रेसवर पन्नासच प्रती काढतो. उरलेल्या पैशांतून आणि आमच्या पगारातून पहिल्या कवींचे पैसे हप्त्याने फेडतो आहोत. कानातले सुटले. दोन हप्ते बाकी आहेत.

दर महिन्याला वहिनी पैसे मोजून घेतात, चहा देतात. पुस्तक कपाटात दिसते. ते त्यांनी अजून उघडलेले नाही.