पाहुण्याच्या पोटातला फुगा

एकाच खऱ्या संगणकावर दहा-बारा आभासी संगणक चालवायचे आणि प्रत्येकाला वाटू द्यायचं की सगळं यंत्र आपलंच आहे, हे माझं रोजचं काम. आमच्या परिभाषेत खालचा खरा तो ‘होस्ट’ आणि वरचे आभासी ते ‘गेस्ट’. मी मनात यजमान आणि पाहुणे म्हणते. यजमानाकडे मेमरी ६४ जीबी असते आणि पाहुण्यांना कबूल केलेल्या मेमरीची बेरीज ८० जीबी भरते. सगळे एकदम पोटभर जेवणार नाहीत, या भरवशावर हे चालतं. लग्नाच्या पंगतीचा अंदाजही असाच बांधतात.

सगळे एकदम जेवायला बसले, की मात्र कोणाकडून तरी मेमरी परत घ्यावी लागते. पण नेमकी कुठली? यजमानाला पाहुण्याची मेमरी ४ केबीच्या पानांची चवड म्हणून दिसते. त्यातलं मोलाचं पान कुठलं आणि टाकाऊ कुठलं, हे पाहुण्याच्या कर्नललाच ठाऊक. यजमानानं अंदाजानं एखादं जुनं पान डिस्कवर हलवावं, आणि मेमरी कमी पडली म्हणून पाहुण्यानंही तेच पान डिस्कवर टाकायला काढावं, असं होतं. मग ते पान डिस्कवरून वाचून आणायचं, ते पुन्हा डिस्कवर लिहिण्यासाठी!

कार्ल वाल्डस्पर्जर यांनी २००२ साली व्हीएमवेअरच्या ईएसएक्स सर्व्हरवरच्या शोधनिबंधात यावरचा एक सुंदर उपाय मांडला. पाहुण्याच्या कर्नलमध्ये एक छोटा ड्रायव्हर बसवायचा. यजमानाचा निरोप आला की तो आपल्याच कर्नलकडे मेमरी मागतो, मिळालेली पानं अडवून ठेवतो आणि त्यांचे क्रमांक यजमानाला कळवतो. ती पानं आता पाहुण्याकडे कोणी वापरणार नसतं, म्हणून यजमान ती दुसऱ्याला देऊ शकतो. पाहुण्याच्या पोटात जणू फुगा फुगतो, आणि त्या दाबाखाली काय सोडायचं ते पाहुणा स्वतः ठरवतो. म्हणून याचं नाव बलूनिंग. लिनक्सच्या केव्हीएमसोबत व्हर्टिओ-बलून हा ड्रायव्हर हेच काम करतो.

ओरबाडून घेण्यापेक्षा मागून घेणं बरं, म्हणून मला हा फुगा पहिल्यापासून आवडायचा. एका ३१ मार्चच्या रात्री त्याची दुसरी बाजू दिसली.

मी तेव्हा जिथे काम करत होते, तिथे बरेच ग्राहक हिशेबाची सॉफ्टवेअर चालवणारे होते. ‘सगळे एकदम जेवत नाहीत’ हे गणित वर्षअखेरीला कोसळतं, कारण त्या रात्री सगळ्यांचीच वही बंद व्हायची असते. यजमानाची मेमरी संपत आली आणि तिथली ठरलेली स्क्रिप्ट फुगे फुगवू लागली. एका धान्य व्यापाऱ्याच्या सर्व्हरवर ८ जीबीचे ५ झाले. म्हणजे ७ लाख ८६ हजार ४३२ पानं गेली. आधी डिस्कची कॅश गेली, म्हणून रिपोर्ट रखडले. मग कर्नलनं मेमरीसाठी सगळ्यात जड प्रोसेस मारली. ती अर्थातच डेटाबेसची होती.

त्यांचा फोन आला. “मॅडम, मी आठ जीबीचे पैसे भरतो ना? मग इथे एकूण मेमरी पाचच का दाखवतंय?”

मला जास्त टोचलं ते पुढे. शेजारच्याच एका पाहुण्याच्या मेमरीला धक्का लागला नव्हता. त्याच्याकडे हा ड्रायव्हरच नव्हता! फुगा पाहुण्याच्या सहकार्यावर चालतो. ज्यानं आम्ही सांगितलेलं सगळं निमूटपणे बसवलं, त्याच्याच पोटात तो फुगला. ज्यानं बसवलंच नाही, तो सुखात जेवला.

दुसऱ्या दिवशी वरिष्ठांशी वाद झाला. ते म्हणाले, “कबूल केलेली सगळी मेमरी प्रत्येकासाठी राखून ठेवली, तर दर वाढवावे लागतील. मग हाच व्यापारी आपल्याकडे येईल का?” त्यांचं खोटं नव्हतं. कमी दर परवडतात ते या वाटून खाण्यामुळेच. पण वाटून खायचंय हे पानावर बसलेल्याला माहीत नको? मी दोन गोष्टी मागितल्या: प्रत्येक पाहुण्याला एक किमान मर्यादा, जिच्याखाली फुगा फुगणार नाही, आणि प्रोसेस मारायची वेळ आली तर आधी फुगा सैल व्हावा ही सोय. व्हर्टिओ-बलूनमध्ये ती आहे, आमच्याकडे बंद होती. ती सुरू झाली. किमान मर्यादेवर मात्र ‘बघू’ एवढंच उत्तर मिळालं.

आता दुसऱ्या ठिकाणी मी कोटेशन बनवते, तेव्हा मेमरीसमोर दोन आकडे लिहिते: जास्तीत जास्त ८, कमीत कमी ६. काही ग्राहक दुसरा आकडा वाचून कपाळाला आठ्या घालतात. काही उठून जातात. उरतात त्यांना ३१ मार्चला काय होईल, ते आधीच माहीत असतं.