बुरैद्यातलं पनीर

बुरैद्यात पनीर खायचं तर ते घरी फाडलेल्या दुधाचंच, असं माझं ठाम मत आहे. बुरैदा ज्या प्रांतात आहे तो कसीम हा सौदीतला शेतीचा मुलूख. वादी अल-रुम्माच्या आधाराने खजुराच्या बागा, गहू, भाजीपाला. ऑगस्टमध्ये सुक्करी खजुराचा बाजार भरतो तेव्हा रस्त्यांवर खोक्यांनी भरलेल्या गाड्यांशिवाय काही दिसत नाही. २०२१ साली युनेस्कोने पाककलेसाठी निवडलेल्या शहरांत बुरैद्याचं नाव आलं. खाण्याचा एवढा मान असलेल्या गावात गोठवलेल्या पनीरचे रबरी तुकडे शिजवायला माझं मन घेत नाही.

आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात पनीर नव्हतंच. दूध नासलं तर गूळ घालून आटवायचं आणि पोरांच्या हातावर ठेवायचं, एवढंच. चक्का होता, खरवस होता. पनीर आलं ते हॉटेलांतून आणि लग्नाच्या पंगतींतून, पंजाबी रश्श्यासकट. त्यामुळे ते आपलं नव्हे असं पुष्कळांना वाटतं. मला तसं वाटत नाही. कांदा-खोबऱ्याच्या भाजलेल्या वाटणात आणि गोड्या मसाल्यात ते इतकं छान मुरतं की क्रीम, काजूची गरजच राहत नाही.

जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, सुट्टी असते, तेव्हा पनीर करते, म्हणून दूध आदल्या रात्री आणते. बकाल्यातल्या, म्हणजे किराणा दुकानातल्या, फ्रिजमधलं ताजं, पूर्ण सायीचं दूध घ्यावं. महिनोन्महिने टिकणारं खोक्यातलं दूध घेऊ नये. ते कारखान्यात इतकं तापवलेलं असतं की पनीर पिठूळ पडतं, वडी धरत नाही. ताजं दूधही इथे गाईचं. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के असतो, यात त्याच्या निम्मा. म्हणून दोन लिटरमधून तीन-साडेतीनशे ग्रॅमच हाती लागतं आणि तेही मऊ. त्याला तळू नये. उकळी आली की गॅस बंद करावा, मिनिटभर थांबावं आणि लिंबाचा रस पाण्यात मिसळून चमचा-चमचा घालावा. निवळी हिरवट दिसली की हात आवरावा. जास्त आंबट झालं तर पनीर कडक होतं. मग मलमलीच्या फडक्यात गार पाण्याने धुवायचं, पिळायचं आणि वर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवून तास-दीड तास दाबायचं. निवळी ओतून देऊ नये. मी तिच्यात कणीक भिजवते आणि उरलेली रश्श्यात घालते.

वाटणाचं मात्र जपायला लागतं. आपल्याकडे रस्सा दाट करायला खसखस सर्रास घालतात. सौदीत ती आणायला बंदी आहे. अफूच्या बोंडातलं बी म्हणून ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते आणि मसाल्यात दळलेली असली तरी विमानतळावर निभाव लागेलच असं नाही. गावाहून गोडा मसाला येतो तो आई खसखशीशिवाय कुटते. नव्याने येणाऱ्या प्रत्येक मराठी घराला मी हे पहिल्यांदा सांगते, पत्ता आणि फोन नंबर देण्याच्याही आधी. खसखशीच्या जागी तीळ भाजून घालावेत. दाटपणा तोच येतो, चव उलट अधिक खमंग.

आमसूल संपलं की इथलं सुकवलेलं काळं लिंबू, लूमी, मी टाचून रश्श्यात सोडते. त्याचा आंबटपणा किंचित कडसर, धुरकट असतो. कांद्याच्या गोडीला तो छान तोलतो. पनीर सगळ्यात शेवटी, गॅस मंद करून. बरोबर पोळ्या नसल्या तर कोपऱ्यावरच्या अफगाणी भट्टीतला गरम तमीस.

परवा शेजारच्या सौदी आजींनी इक्ताचे खडे दिले. ताक आटवून उन्हात वाळवलेले, दगडासारखे टणक. वाळवंटात दूध टिकवायची बदूंची जुनी रीत. त्या म्हणाल्या, तोंडात धरून चघळ. मी एक चघळला, आंबट-खारट, आवडला. पण उरलेले खडे किसून येत्या जुम्म्याला पनीरच्या वाटणात घालणार आहे. लूमी त्या दिवशी नको, आणि मीठ निम्मंच.