दारेसलाममधल्या रिकाम्या संध्याकाळी

नागपूरहून सावनेरच्या रस्त्याने निघाले की कोराडीच्या चिमण्या लांबूनच दिसू लागतात. इथला पहिला वीजसंच 1974 मध्ये सुरू झाला. तेव्हापासून या गावात फिटर, वेल्डर, टर्बाइनवाले तयार होत आले आहेत. ओव्हरहॉलिंगची कामे निघाली की ही माणसे चंद्रपूरला जातात, परळीला जातात, आखातातही जातात. आम्ही तिघे मात्र टांझानियातल्या दारेसलामला गेलो. शहराबाहेर गॅसवर चालणारे वीजकेंद्र आहे, तिथे सात आठवड्यांचे काम होते.

जायचे ठरल्यावर घरोघरी एकच वाक्य निघाले, "आफ्रिकेत? तिथे फार चोऱ्या होतात म्हणे." चोपन्न देशांचा खंड आपल्या बोलण्यात एका मोहल्ल्याएवढा होतो. तरी घरच्यांची काळजी अगदी खोटी होती असेही नाही. वीजकेंद्रात परमिट घेतल्याशिवाय कोणी मशीनला हात लावत नाही. हेल्मेट आहे, पट्टा आहे, सेफ्टी ऑफिसर आहे. ड्यूटी संपली की यातले काहीच नसते. शनिवारी दुपारी सुट्टी होते आणि सोमवार सकाळपर्यंतचा वेळ आपला आपणच सांभाळायचा असतो.

तिथे बरीच वर्षे राहणाऱ्या काही हिंदी मंडळींनी सल्ला दिला, "बाहेर पडूच नका. खोलीत बसा, मोबाइल बघा." आमच्यातला सर्वांत धाकटा, वय तेवीस, त्याने हा सल्ला तंतोतंत पाळला. आठ दिवसांत त्याचे जेवण कमी झाले, झोप उडाली. घरी फोन लावला की आवाज भरून येई आणि इकडे कोराडीत त्याची अम्मी रात्रभर जागी. भारत तिथल्या घड्याळाच्या अडीच तास पुढे आहे. तिथे रात्रीचे नऊ वाजता रडलेला मुलगा इथे साडेअकराला घर जागे ठेवतो. दुसऱ्या आठवड्यात आम्ही त्याला हाताला धरून बाहेर काढले.

दारेसलाम म्हणजे सलामतीचे घर. 1860 च्या दशकात झांझिबारचे सुलतान माजिद यांनी म्झिझिमा नावाच्या कोळ्यांच्या वस्तीजवळ हे बंदर वसवले. देशाची राजधानी आता दोदोमा, पण सर्वांत मोठे शहर हेच. वस्ती पन्नास लाखांच्या वर. विषुववृत्त जवळ असल्यामुळे वर्षभर सूर्य सहा ते सातच्या दरम्यानच मावळतो. नागपुरात उन्हाळ्यात सात वाजत आले तरी उजेड असतो. तिथे मगरिबची अजान झाली की बघता बघता अंधार पडतो. म्हणून पहिला नियम आम्ही हाच केला की लांबची भटकंती असरपर्यंत आटोपायची, मगरिब राहत्या गल्लीतल्या मशिदीत पढायची आणि त्यानंतर पायी दूर जायचे नाही.

तिथले घड्याळही आधी समजून घ्यावे लागते. स्वाहिली बोलणारी माणसे दिवस सकाळी सहापासून मोजतात. आपले सात म्हणजे त्यांचा एक, आपले नऊ म्हणजे त्यांचे तीन. कोणी "तीन वाजता या" म्हटले तर सकाळचे की दुपारचे, हे तिथेच विचारून घ्यावे. नाहीतर अनोळखी चौकात सहा तास उभे राहावे लागेल.

रस्त्यावर पहिल्या दिवशी एक ओळखीची गोष्ट भेटली. तिथे तीनचाकी रिक्षाला "बजाजी" म्हणतात. आपल्या पुण्याच्या कंपनीचे नाव त्या भाषेत सामान्य नाम होऊन बसले आहे. बजाजीत भाडे आधी ठरवायचे. वाटेत हात दाखवून थांबवलेल्या टॅक्सीत मात्र बसायचे नाही, कारण अशा गाडीत मागून आणखी दोघे चढतात आणि प्रवाशाला एटीएमवर नेऊन पैसे काढायला लावतात, असे प्रकार तिथे घडलेले आहेत. गाडी राहत्या जागेवरून ओळखीच्याच चालकाची घ्यावी. 2016 पासून सुरू झालेली जलद बससेवा, जिला लोक "म्वेंडोकासी" म्हणतात, ती स्वस्त आणि सोयीची आहे, फक्त गर्दीत खिसा सांभाळावा. बॅग रस्त्याच्या बाजूच्या खांद्यावर लटकवू नये, मोटारसायकलवाले ओढून नेतात. समुद्रकिनारा सुंदर आहे, पण माणसे असतील तेवढाच आपला. बंदर, लष्कराची जागा, राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान यांचे फोटो काढू नयेत. मच्छरदाणी रोज लावावी, आणि ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासावे. परतल्यावर काही आठवड्यांनी ताप आला तरी डॉक्टरांना "आफ्रिकेतून आलोय" हे आवर्जून सांगावे, कारण मलेरिया उशिरानेही डोके वर काढतो.

एवढी सावधगिरी पाळली तरी पोटात धाकधूक राहतेच. ती गेली ओळखीने. आम्ही कारियाको बाजाराच्या कडेला राहत होतो. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी ज्या आफ्रिकी हमालांना सैन्याचे ओझे वाहायला जुंपले, त्यांच्या "कॅरियर कोअर"वरून या भागाला कारियाको हे नाव पडले. कोपऱ्यावर एक बाई चहा, मांदाझी आणि चपाती विकायची. अशा बायांना तिथे "मामा लिशे" म्हणतात. मामा म्हणजे आई! दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे मोठा भाऊ. आमच्या धाकट्याने हे ऐकले तेव्हा तो त्या देशात पहिल्यांदा मोकळेपणाने हसला. कोराडीतल्या त्याच्या मामाला फोन करून त्याने ही बातमी लगेच कळवली. मग शब्दांचा खेळच सुरू झाला. चाय, चपाती, गाडीला गारी, दुकानाला दुका, साबणाला साबुनी, किताबला किताबू, वक्तला वाकाती. वडीलधाऱ्यांना "शिकामो" म्हणायचे, ते "माराहाबा" म्हणून उत्तर देतात. एवढे एक म्हटले की सकाळपर्यंत परके असलेले म्हातारे बाकावर जागा करून देतात.

खाण्याची अडचण पडली नाही. पिलाव आहे, मिश्काकी आहे, कचुंबरी तर नावासकट आपलीच. "किटिमोटो" हा शब्द तेवढा लक्षात ठेवावा. बोलीत त्याचा अर्थ डुकराचे मांस.

रविवारी आम्ही राष्ट्रीय संग्रहालय पाहिले, माकुम्बुशो गावातली वेगवेगळ्या जमातींची मातीची घरे पाहिली, एकदा बोटीने दोन तासांवरच्या झांझिबारला जाऊन आलो. तिथे गुलामांचा बाजार भरत असे. त्या जागेवर आता चर्च आहे. मालिक अंबर हबशी गुलाम म्हणून विकला गेला आणि पुढे औरंगाबादचा पाया घालणारा झाला, जंजिऱ्यावर सिद्दींनी राज्य केले, हे आपण शाळेत वाचतो. समुद्राच्या त्या बाजूला उभे राहिल्यावर ते वाचलेले जड वाटू लागते. आपल्या बोलण्यातल्या "हबशी" या शब्दाचा सूर कसा असतो, तेही आठवते.

मशिदीत एक सेवानिवृत्त शाळामास्तर रोज भेटत. त्यांनी एका संध्याकाळी आम्हांला असा सल्ला दिला, जो कुठल्याच प्रवासी पुस्तकात आम्ही वाचला नव्हता. कोणी तुमचा फोन हिसकावला तर "म्वीझी" म्हणजे चोर, असे ओरडू नका. ओरडलात की गल्ली धावते, आणि धावलेली गल्ली पोरगा मरेपर्यंत थांबेलच असे नाही. फोन दुसरा मिळेल. आम्ही तिघेही गप्प राहिलो. जमाव म्हणजे काय, हे आपल्या घरांत कोणी समजावून सांगायची गरज नाही.

मग त्यांनीच विचारले, बंगळुरूचे काय झाले? 2016 च्या सुरुवातीला तिथे एका अपघातानंतर जमावाने टांझानियाच्या एका विद्यार्थिनीला गाडीतून ओढून मारले होते. अपघाताशी तिचा काही संबंध नव्हता. आपण ती बातमी दोन दिवसांत विसरलो. त्या शहरात ती विसरली गेलेली नाही. आमच्या घरच्यांना दारेसलामची जी भीती वाटत होती, तीच तिथल्या आयांना आपल्या शहरांची वाटते, हे आम्ही कोराडीत बसून कधी मनात आणले नसते.

मास्तरांच्या पुतण्याला भारतात शिकायला यायचे होते. नागपूरचे एक कॉलेज त्याच्या यादीत होते. निघण्याच्या आदल्या शुक्रवारी तो भेटायला आला आणि त्याने अगदी आमचेच प्रश्न विचारले. संध्याकाळी किती वाजेपर्यंत बाहेर राहिलेले बरे? कोणती रिक्षा घ्यायची? आपल्यासारखे खाणे कुठे मिळते? कोणी रस्त्यात त्रास दिला तर ओरडायचे की नाही? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे आम्ही सीताबर्डी, मोमीनपुरा अशी नावे घेऊन भराभर दिली. चौथ्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिले. मग धाकट्याने त्याच्या वहीत आम्हां तिघांचे कोराडीचे पत्ते लिहिले, खाली स्वतःच्या अम्मीचा फोन नंबर लिहिला आणि म्हणाला, "स्टेशनवर उतरलास की आधी हिला फोन लाव. ती कोणाला तरी घ्यायला पाठवेल."