एकशे साठ एकर आणि दोन माणसे

जमीनवाटपाची फाइल ज्याने हाताळली आहे, त्याला एक गोष्ट लवकरच उमगते. फाइलमध्ये जमीन सविस्तर असते. गट क्रमांक, चतुःसीमा, क्षेत्र, आकारणी, सारे काही. ज्याला ती दिली तो माणूस मात्र ‘लाभार्थी’ या एका शब्दात मावतो. सेवेच्या पहिल्या दशकात, महाराष्ट्राबाहेर नेमणुकीवर असताना, विस्थापितांना दिलेल्या जमिनींच्या अशा शेकडो फाइली मी तपासल्या, त्यांवर हरकती काढल्या आणि त्यांतल्या एकाही माणसाचे घर पाहिले नाही. ही गोष्ट अभिमानाने सांगण्याजोगी नाही, हे ठाऊक असूनच सांगतो आहे.

असे एक घर पाहण्याचा योग आला तो थेट अमेरिकेत. कन्येकडे मिनियापोलिसला गेलो असता तिने विचारले, “बाबा, तुम्हांला काय पाहायचंय?” मी उत्तर डाकोटातल्या स्ट्रासबर्ग या खेड्याचे नाव घेतले. नायगारा सोडून प्रेअरीवरचे मातीचे घर पाहायला निघालेला बाप पाहून ती हसली. पण गाडी तिनेच चालवली. दिवसभर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गवत, गहू आणि आकाश यांखेरीज फारसे काही दिसले नाही.

ते घर लुडविग आणि क्रिस्टिना वेल्क या दांपत्याचे. पुढे दूरचित्रवाणीवर अफाट लोकप्रिय झालेला वाद्यवृंदकार लॉरेन्स वेल्क हा त्यांच्या आठ अपत्यांपैकी सहावा. त्याच्यामुळेच हे घर टिकले. मला ओढ होती ती मात्र आईबापांची.

हे दांपत्य जर्मन खरे, पण जर्मनीतून आलेले नव्हे. त्यांचे पूर्वज १८०८च्या सुमारास आल्सेसच्या बाजूने निघून काळ्या समुद्राजवळ, ओडेसाच्या परिसरात जाऊन वसले. रशियाच्या झारला स्टेपवरची पडीक जमीन लागवडीखाली आणायची होती. त्यासाठी परदेशी शेतकऱ्यांना जमीन, धर्मस्वातंत्र्य, स्वतःचा स्थानिक कारभार आणि सैन्यसेवेतून सूट अशी आश्वासने दिली गेली. वसाहतकऱ्यांनी ती कायमची मानली. १८७१ मध्ये या सवलती काढून घेण्यात आल्या आणि १८७४ मध्ये सक्तीची सैन्यभरती आली. सरकारी भाषेत ‘कायम’ म्हणजे ‘पुढील आदेश होईपर्यंत’, हे आपल्यापैकी ज्यांनी परिपत्रके लिहिली आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. जे मागे राहिले, त्यांच्या वंशजांच्या वाट्याला पुढच्या शतकात सामूहिकीकरण, दुष्काळ आणि हद्दपारी आली. लुडविग आणि क्रिस्टिना १८९२ मध्ये निघाले. गावाचे नाव मात्र बरोबर आले: आल्सेसमधल्या शहराचे नाव ओडेसाजवळच्या वसाहतीला लाभले होते, तिथून ते डाकोटातल्या खेड्याला मिळाले.

इकडे दुसरे एक सरकार जमीन देत होते. लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी स्वाक्षरी केलेला होमस्टेड कायदा एका वाक्यात सांगता येतो: कुटुंबप्रमुखाने किंवा एकवीस वर्षांवरील व्यक्तीने १६० एकर जमिनीवर पाच वर्षे राहावे, ती कसावी आणि सुमारे १८ डॉलर शुल्क भरून मालक व्हावे. परदेशी माणसाला नागरिकत्वाचा इरादा नोंदवला तरी अर्ज करता येई. मुदत संपली की साक्षीदार आणून राहते घर आणि नांगरलेली जमीन सिद्ध करायची. एक जुना तपासनीस म्हणून मी या कायद्याला मनोमन दाद देतो. अटी थोड्या आणि डोळ्यांना दिसणाऱ्या. तरी त्यातून खोटे दावे व्हायचे ते झालेच.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मात्र त्या १६० एकरांपाशी मी अडखळतो. हे क्षेत्र पूर्वेकडच्या पावसाळी मुलुखाच्या हिशेबाचे होते. स्ट्रासबर्ग जवळजवळ शंभराव्या रेखावृत्तावर आहे. तिथून पश्चिमेला पाऊस बेभरवशाचा होत जातो. जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ मध्येच अहवाल देऊन सांगितले होते की कोरड्या प्रदेशात कुरणासाठी २,५६० एकर लागतील. त्या अहवालाचे काय झाले असेल, याचा अंदाज वाचकांनी स्वानुभवावरून करावा. कोरड्या भागासाठी ३२० एकरांचा कायदा आला तो १९०९ मध्ये. दरम्यानच्या तीस वर्षांतली तूट शेतकरी कुटुंबांनी आपल्या अंगावर काढली.

शिवाय जमीन फुकट म्हणायची ती सरकारच्या बाजूने. मिसूरी नदी ओलांडली की स्टँडिंग रॉक ही आदिवासी राखीव भूमी लागते. हे दांपत्य येण्याच्या दोनच वर्षे आधी, १५ डिसेंबर १८९० रोजी, सिटिंग बुल तिथेच मारले गेले. ज्या फाइलीत नवा मालक नोंदला जातो, तीत जुन्याला रकाना नसतो. ओडिशा-छत्तीसगडच्या सीमेवर मी पाहिलेल्या फाइलींतही तो नव्हता.

आता घराकडे येतो. बाहेरून लाकडी फळ्या मारल्या आहेत. आतल्या भिंती मातीच्या. माती आणि पेंढा तुडवून, साच्यात घालून उन्हात वाळवलेल्या विटा, म्हणजे आपल्या खानदेश-वऱ्हाडातले भेंडेच. हे ज्ञान ही मंडळी रशियाच्या स्टेपवरून घेऊन आली होती. जळणाचा प्रकार पाहून मी चकित झालो. झाडे नाहीत, कोळसा परवडत नाही, म्हणून हे रशियन जर्मन गोठ्यातले शेण पेंढ्यासह तुडवीत, त्याचे तुकडे कापून वाळवीत आणि हिवाळाभर जाळीत. त्याला ते ‘मिस्ट’ म्हणत. माझी आजी त्याला गोवऱ्या म्हणत असे.

शेण कोण तुडवीत असेल, भाकरी कोण भाजत असेल, आठ बाळंतपणे त्या दोन-तीन खोल्यांत कशी झाली असतील? होमस्टेड कायद्याखाली अविवाहित स्त्री अर्ज करू शके, विधवाही करू शके. नवऱ्याबरोबर नांदणारी स्त्री सहसा नाही. अंतिम पुराव्याच्या कागदात कुटुंबाची माहिती विचारत, तिथे ‘पत्नी आणि इतकी मुले’ असे लिहिले जाई. पाच वर्षे राहणे ही अट अर्धी तिनेच पुरी केलेली असे.

लुडविग अकॉर्डियन वाजवीत. लॉरेन्सला चांगले वाद्य हवे होते. किंमत ४०० डॉलर. १६० एकरांचे शुल्क १८ डॉलर आणि पेटी ४०० डॉलरची! बापाने ती घेऊन दिली, पण अट घातली: एकवीस पूर्ण होईपर्यंत शेतावर राबायचे आणि वाजवून मिळेल तो पैसा घरात द्यायचा. सरकारच्या पाच वर्षांच्या अटीखाली जमीन मिळवण्याच्या त्या काळात बापाने मुलालाही मुदतबंद करारच दिला, असे मला वाटून गेले. मुलाने तो पाळला. एकविसाव्या वाढदिवशी तो घराबाहेर पडला, तेव्हा अमेरिकेत जन्मूनही त्याचे इंग्रजी मोडकेतोडके होते. घरात, चर्चमध्ये, शेजारी, सगळीकडे जर्मन. ती ढब त्याच्या जिभेवरून अखेरपर्यंत गेली नाही. मुले परप्रांतात वाढवलेल्या वाचकांना यातले दुखणे आणि सुख दोन्ही कळेल. माझ्या कन्येचे मराठी नेमके उलट्या बाजूने मोडके आहे.

अखेरचा किस्सा आमच्या खात्याचा. १९९० मध्ये अमेरिकी काँग्रेसने या जन्मस्थळाच्या निमित्ताने रशियन जर्मनांच्या इतिहासासाठी ५ लाख डॉलर मंजूर केले. देशभर टवाळी झाली, उधळपट्टीचा नमुना म्हणून त्याचे दाखले दिले गेले आणि १९९१ मध्ये ती तरतूद रद्द झाली. ती फाइल माझ्याकडे आली असती तर मीही हरकतच काढली असती. सार्वजनिक हेतू सिद्ध होत नाही, असा ठरीव शेरा मारून. त्या मातीच्या भिंतीला हात लावून उभा असताना तो शेरा मनात पुन्हा लिहून पाहिला. हरकत तांत्रिकदृष्ट्या अजूनही बरोबर वाटते. फक्त तेव्हा घर पाहिलेले नसते.

ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत हे ठिकाण १९९३ मध्ये दाखल झाले. तिथे लॉरेन्सचे नाव नाही. नोंद आहे ‘लुडविग आणि क्रिस्टिना वेल्क होमस्टेड’ अशी. परतताना कन्येला मी हे सांगितले, तर ती म्हणाली, “म्हणजे शंभर वर्षांनी का होईना, बाईचं नाव सातबाऱ्यावर चढलं.” सातबारा हा शब्द तिला कुठून ठाऊक, ते मी विचारले नाही.