हिरवा पडलेला पोहण्याचा तलाव रिकामा करताना

माझ्या मावसभावाने तळेगावजवळ जुना बंगला घेतला. त्याच्याबरोबर मागच्या अंगणातला पोहण्याचा तलावही पदरात पडला. आधीचे मालक तीन वर्षं तिकडे फिरकले नव्हते. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल. म्हणजे जवळजवळ 48 हजार लिटर हिरवं, शेवाळलेलं पाणी. भाऊ म्हणाला, "तू डॉक्टर आहेस, डासांचं काय ते बघ." मला मात्र डासांआधी राखणदाराची चार वर्षांची मुलगी दिसली. ती काठावरच भातुकली मांडून बसायची. असल्या गढूळ पाण्यात मूल पडलं तर वरून दिसत नाही, आणि बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडतही नाही. म्हणून पंप आणण्याआधी भोवती जाळीचं कुंपण घालून घेतलं.

मग डास. पांढऱ्या मगात पाणी घेतलं तर अळ्या वळवळत होत्या, त्याही क्युलेक्सच्या. हा डास घाण पाण्यात खुशाल वाढतो, रात्री चावतो आणि हत्तीरोग पसरवतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड भागात 2007 साली कर्जं थकल्यामुळे बरीच घरं ओस पडली, त्यांचे तलाव असेच हिरवे झाले. त्या वर्षी तिथे वेस्ट नाईल तापाचे रुग्ण खूप वाढले. तो तापही क्युलेक्सच पसरवतो.

राखणदाराला गेल्या पावसाळ्यात डेंग्यू झाला होता आणि सगळे खापर तलावावर फोडत होते. पण डेंग्यूच्या एडिस डासाला साठलेलं, त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी आवडतं. त्याच्या अळ्या सापडल्या त्या बाजूला पडलेल्या ताडपत्रीच्या घड्यांत आणि राखणदाराच्या झाकण नसलेल्या पिंपात! एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. त्यामुळे पिंप नुसतं ओतून भागत नाही, आतून घासावं लागतं.

उपसायला दोन दिवस लागले. भाड्याने आणलेल्या पंपाच्या वायरला मधेच टेप गुंडाळलेला जोड होता. ती वायर आधी बदलून घेतली, लाइनवर आरसीसीबी बसवला आणि पंप चालू असेपर्यंत कोणालाही पाण्यात उतरू दिलं नाही. डेंग्यूचा रुग्ण बहुतेकदा वाचवता येतो; विजेच्या धक्क्याला तेवढी सवड नसते.

खरी पंचाईत शेवटच्या वीतभर पाण्यात. पंप तिथे हवा ओढू लागतो, लोक कंटाळून काम थांबवतात, आणि उरतो तो उथळ, कोमट, माशाबेडकांशिवायचा गाळ. डासांना याहून चांगलं घर नाही. तो गाळ घमेल्यांनीच काढावा लागला. त्यात उंदरांचं मूत्र असू शकतं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची शक्यता. मजुरांना गमबूट आणि हातमोजे दिले. एकाच्या टाचेला भेग होती, त्याला वरच थांबवलं. तो रागावला, पण थांबला. पुढच्या महिनाभरात ताप किंवा अंगदुखी आली तर गाळात काम केल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा, असं सगळ्यांना बजावलं.

फरशी घासायला एकाने ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं ॲसिड, दोन्ही आणलं होतं. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे खड्ड्यात साचतो, आणि खाली वाकून घासणारा माणूस नेमका त्यातच. मी ॲसिडची बाटली गाडीत नेऊन ठेवली.

रिकामा तलाव पावसाळ्यात तसाच ठेवता येत नाही. त्यात पाणी पुन्हा साचतं, शिवाय जमिनीतलं पाणी वर चढलं की रिकामी टाकी खालून उचलली जाऊन तडकू शकते. भावाला पोहता येत नाही आणि फिल्टर रोज चालवायला तिथे कोणी नाही. म्हणून मे महिन्यातच तळाला भोकं पाडून मुरूम भरायला घेतला.